शिक्षेचं पुस्तक

आम्ही दोघी सख्ख्या जावा. घाटकोपर पश्चिमेला एसआरएच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आमची समोरासमोर दोन घरं आहेत, प्रत्येकी २६९ चौरस फुटांची. एकात अम्मी-अब्बा आणि मोठीचं कुटुंब, दुसऱ्यात धाकटीचं. दारं दिवसभर उघडीच असतात, त्यामुळे घर एकच म्हणायचं. मोठी अंधेरीच्या एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. धाकटी घरी शिकवणी घेते. पहिली ते सातवीची बावीस मुलं, दोन तुकड्यांत. संध्याकाळी मोठी परतली की तीही मुलांमध्ये बसते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे आलंय त्याला दोघी सारख्याच जबाबदार आहोत. म्हणून हा लेखही दोघींनी मिळून लिहिलाय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला ऑनलाइन प्रवेश घेतला. मोठीच्या शाळेत पर्यवेक्षिकेची जागा निघणार अशी कुजबुज होती. ती जागा आजवर निघालेली नाही, ते सोडा. धाकटी म्हणाली, ‘‘भाभी, तुम्ही करताय तर मीपण करते. एकटीनं माझ्याच्यानं कधी व्हायचं नाही.’’ मोठी तेव्हा त्रेचाळीसची, धाकटी छत्तीसची. फी भरायला दोघींनी भिशी आधी उचलली. अब्बा बेस्टमधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, ‘‘यात शिकवतात काय?’’ शिकवायचं कसं ते शिकवतात, असं आम्ही सांगितलं. ‘‘मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?’’ यावर दोघीही हसलो. तेव्हा तो विनोद वाटला होता.

ज्या भगिनींच्या मनात असा विचार घोळतोय त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. घरी बसून पदवी घेणं ही काही आजची गोष्ट नाही. इग्नू १९८५ साली सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. आमच्यापासून फार लांब नसलेल्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००६ साली नोकरी करणाऱ्यांसाठी प्राथमिक शिक्षणातला एम.ए. सुरू केला होता. काही आठवडे संस्थेत जायचं, बाकीचा अभ्यास आपापल्या गावी. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. फक्त त्या संस्थेला, त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे ना, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या. जाहिरातीवर विसंबू नका. आणि एम.ए. झालं म्हणजे बी.एड. झालं असं समजू नका, ते वेगळं. अभ्यासाला वेळ किती लागतो? इग्नूच्या हिशेबानं एका क्रेडिटला तीस तास. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे एकशे वीस तास. हे तास कुठून आणायचे, ते मात्र कोणतंच विद्यापीठ सांगत नाही.

आम्ही ते असे आणले. घाटकोपर-अंधेरी मेट्रोत मोठी कानात इयरफोन घालून व्याख्यानं ऐकायची. असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं दिसायला लागली की सॉक्रेटिस सुरू व्हायचा आणि चकालापर्यंत त्याला विषाचा पेला मिळालेला असायचा. धाकटी इशाची नमाज झाली, मुलं झोपली की साडेदहाला स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसायची. शनिवारी संध्याकाळी थेट तास असे. रमजानमध्ये तो बरोबर इफ्तारच्या वेळी आला. एकदा धाकटीचा माइक चालू राहिला आणि प्लेटोच्या गुहेत आमच्या कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, ‘‘डाळ झाली असेल, गॅस बंद करून या.’’ परीक्षेच्या दिवशी कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा होता, आसपास कोणी नको. आमच्या खोलीत कोणी नसणं हाच मोठा प्रश्न. सासऱ्यांपासून मांजरापर्यंत सगळ्यांना तीन तास जिन्यात बसवलं.

खरी अडचण भाषेची. दोघीही कोकणातल्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या. घरात कोकणी बोली, मक्तबमध्ये उर्दू. वाचायला दिलेलं बहुतेक इंग्रजीत. एपिस्टेमॉलॉजी म्हणजे ज्ञानमीमांसा, अॅक्सिऑलॉजी म्हणजे मूल्यमीमांसा, असं एका वहीत लिहीत गेलो. कधीकधी मराठी शब्द इंग्रजीपेक्षा कठीण निघायचा. डोक्यावरून जायला लागलं की धाकटी इग्नूची हिंदी पुस्तकं उघडायची. ती ‘ई-ज्ञानकोश’वर कोणालाही फुकट वाचता येतात.

त्या पुस्तकांनीच घोटाळा केला. हिंदीत एज्युकेशनला ‘शिक्षा’ म्हणतात. धाकटीचा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत होता. एका रात्री पाणी प्यायला उठला, तर फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘शिक्षा’, ‘शिक्षा के उद्देश्य’. तो बराच वेळ वाचत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मम्मी, शिक्षा कशी करायची त्याचंपण पुस्तक असतं?’’

धाकटीनं त्याला हिंदी-मराठीतला फरक समजावला. त्यानं मान हलवली आणि झोपायला गेला. जाताना त्याची नजर कपाटावर ठेवलेल्या पट्टीकडे गेली, असं धाकटी म्हणते. मोठी म्हणते, तो तुझा भास. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरताना दोघींच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

ती पट्टी लाकडाची, फूटभर लांब, एका कडेला पितळी पत्रा. शिकवणी सुरू झाली तेव्हापासूनची. रोज मारत होतो असं नाही. समोर ठेवली की पुरे व्हायचं, हीच तिची तारीफ आम्ही करायचो. पाढा चुकला तर एक, वही विसरली तर एक, उलट बोललं तर दोन. पालक स्वतः सांगून जात, ‘‘टीचर, हयगय करू नका.’’ मोठी शाळेत कधी हात उगारत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींवर बंदी आहे. २०१० पासून तो कायदा लागू झाला, त्याचं प्रशिक्षण तिनं घेतलंय. तेच हात संध्याकाळी सहानंतर पट्टी उचलत होते. कायदा शाळेसाठी आहे, आमची खोली काही शाळा नाही, असं आम्ही मनाशी म्हणत होतो का? तेवढाही विचार केला नव्हता, हे खरं.

तत्त्वज्ञानाच्या विषयात तेव्हा नेमका अधिकार आणि शिस्त हा भाग चालू होता. आर. एस. पीटर्स नावाच्या लंडनच्या प्राध्यापकांचं १९६६ चं पुस्तक आहे, ‘एथिक्स अँड एज्युकेशन’. त्यातली एक गोष्ट आम्हांला समजायला चार रात्री लागल्या आणि समजली तेव्हा अगदी सोपी वाटली. शिक्षकाचा अधिकार दोन तऱ्हांचा असतो. एक, त्याला त्या खुर्चीवर बसवलेलं असतं म्हणून. दुसरा, तो विषय त्याला खरोखर येतो म्हणून. हे दोन्ही कमी पडले की माणूस बळाकडे वळतो, आणि ते बळ म्हणजे अधिकार नव्हे. शिस्त आणि शिक्षा यांतही ते फरक करतात. शिस्त शिकण्याच्या कामातूनच येते. भागाकार करायचा तर पायऱ्या क्रमानं घ्याव्याच लागतात. शिक्षा बाहेरून येते. मोठी म्हणाली, ‘‘म्हणजे आपण पट्टी उचलत होतो ते आपल्याला शिकवता येत नव्हतं तिथे.’’ धाकटीला राग आला. बावीस मुलं एका खोलीत घेऊन त्या प्राध्यापकांनी दाखवावं, म्हणाली. तोही मुद्दा काही खोटा नाही.

इंग्रज लेखकाचं म्हणून बाजूला सारता आलं असतं. पण त्याच भागात पूरक वाचन म्हणून इब्ने खल्दून होते. १३३२ साली ट्यूनिसमध्ये जन्मलेले. त्यांचा ‘मुकद्दिमा’ १३७७ सालचा. नाव लहानपणापासून ऐकलेलं, वाचलं कधी नव्हतं. मुलांशी कठोर वागण्यानं त्यांचं नुकसान होतं, या विषयावर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. धाकाखाली वाढलेलं मूल आतून आकसतं, आळशी होतं; हात उगारला जाईल या भीतीनं मनात एक आणि ओठांवर एक ठेवायला शिकतं, आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो, असं ते म्हणतात. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्या शिकवणीत दर आठवड्याला कोणाची तरी वही पावसात भिजायची, मे महिन्यातसुद्धा. एका मुलाची आजी दोनदा वारली होती. हे बहाणे सांगून आम्ही घरच्यांना हसवायचो. ती मुलं असं खोटं का बोलतात, हे सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

त्याच प्रकरणात कैरवानचे फकीह इब्ने अबी जैद यांचा हवाला आहे : मारायची वेळ आलीच तर तीन फटक्यांच्या वर जाऊ नये. आणि खलिफा हारून रशीद यांनी आपल्या मुलाच्या उस्तादांना केलेली सूचनाही आहे, एक घटकाही शिकवल्याशिवाय जाऊ देऊ नका, पण त्याचं मन मरेल इतकं दुखवू नका. आधी मायेनं घ्या, नाहीच जमलं तर मग सक्ती. म्हणजे सक्तीची वाट पूर्ण बंद केलेली नाही. धाकटीनं लगेच तो आधार पकडला. ‘‘बघा, तीनपर्यंत चालतं. आपण तर एकच मारतो.’’

अम्मी पलीकडे भाजी निवडत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण बयानं पुष्कळ ऐकलेली. त्या म्हणाल्या, ‘‘हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षं हुजूर (स.) यांची खिदमत केली. दहा वर्षांत एकदासुद्धा त्यांनी ‘उफ्’ म्हटलेलं ऐकलं नाही. लहान पोर होतं ते, चुकत नसेल का? तुम्ही तीन मोजत बसा.’’ आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. हाच किस्सा आम्ही दोघींनी शिकवणीच्या मुलांना कितीदा सांगितला होता. वडीलधाऱ्यांची खिदमत करावी, या मुद्द्यासाठी.

मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. उर्दूत शिक्षणाला तालीम म्हणतात, आणि मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची जागा, नाहीतर नाटकाची. अब्बांना या खेळात रस आला. त्यांनी आणखी एक जोड दिली, तालीम आणि तरबियत. तालीम इल्मशी जोडलेली, तरबियत म्हणजे वाढवणं, जोपासणं. ‘‘पोराला तालीम देता येते,’’ ते म्हणाले, ‘‘तरबियत त्याच्यासमोर आपण कसं वागतो त्यातून जाते.’’ हे वाक्य आम्ही स्वाध्यायात घातलं. संदर्भ म्हणून काय लिहायचं ते कळेना, म्हणून शेवटी काढून टाकलं.

स्वाध्याय जमा करायच्या आदल्या दिवशी धाकटीचा फोन चार्ज होईना. सगळं लिखाण त्यात. रात्री आठला दोघी स्टेशनकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात धावलो. काउंटरमागे सोळाएक वर्षांचा मुलगा खाली मान घालून सोल्डर करत होता. मान वर केली आणि म्हणाला, ‘‘सलाम टीचर.’’

चार वर्षांपूर्वी तो सहावीत आमच्याकडे होता. सतराचा पाढा त्याला येत नसे. रोज एक पट्टी, असा आठवडा गेला. पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याची अम्मी येऊन उरलेली फी देऊन गेली, काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. एक कमी झाला, दुसरा आला. आठवीनंतर त्यानं शाळाही सोडली, हे त्या दिवशी काउंटरवर कळलं. वडलांचं आजारपण होतं, घर चालवायचं होतं. सगळा दोष आमच्या पट्टीचा, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण सहावीतला आठवडा त्याच्या लक्षात होता. फोन उघडता उघडता त्यानं सहज विचारलं, ‘‘टीचर, ती पितळेवाली पट्टी आहे का अजून?’’

आहे, असं मोठीनं सांगितलं. खोटं बोलण्याचं धैर्य झालं नाही.

त्यानं फोनच्या आतली बारीक जागा आम्हांला भिंगातून दाखवली. पिन हलली आहे, करंट बोर्डापर्यंत जात नाही, बॅटरी बदलायची गरज नाही, उगाच पैसे घालू नका. शेजारी एक लहानगा मदतनीस उभा होता, बहुतेक मालकाचाच मुलगा. त्याच्या हातून स्क्रू खाली सांडले. आमच्या पोटात गोळा आला. हा काही बोलला नाही. चुंबक त्याच्या हातात दिलं, स्क्रू कसे गोळा करायचे ते एकदा दाखवलं आणि पुन्हा कामाला लागला. त्या आठवड्यात आम्ही झाकिर हुसेन यांच्याबद्दल वाचत होतो; बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परत आले आणि जामिया सांभाळली. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर बुनियादी तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. हातानं काही करता करता मूल शिकतं, हा त्या योजनेचा गाभा. जॉन ड्युईंचंही म्हणणं त्याच्या जवळ जाणारं, डॉ. आंबेडकर कोलंबियात होते तेव्हा हेच ड्युई त्यांचे प्राध्यापक. हे सगळं आमच्या वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवलेलं होतं. दुकानात उभं राहून ते आठवलं तेव्हा कसंनुसं झालं. त्यानं अडीचशे रुपये घेतले. जास्त द्यायला गेलो तर म्हणाला, ‘‘रेट हाच आहे.’’

पट्टी आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकली. इथे गोड शेवट लिहिता आला असता, पण तसं झालं नाही. पहिला महिना नुसता गोंधळ. मुलांना कळलं की पट्टी नाही, मग आवाज, मारामाऱ्या, अर्धा तास पाणी पिणं. दोन पालकांनी मुलं काढून घेतली; एकीनं तोंडावर सांगितलं, ‘‘तुम्ही शिकायला लागलात आणि मुलं बिघडायला लागली.’’ महिन्याचे पैसे कमी झाले आणि भिशीचा हप्ता मोठीच्या पगारातून भरावा लागला. एका संध्याकाळी धाकटीच्या हातून एका मुलीला चापट गेलीच. सगळे गप्प झाले. ती मुलगी रडली नाही. तिनं नेहमीच्या सवयीनं तळहात पुढे केला. धाकटी त्या रात्री जेवली नाही.

हळूहळू काही गोष्टी जमल्या. पाढे आता आम्ही पाठ करून घेण्याआधी मांडून घेतो; सतराचा पाढा दहाचा आणि सातचा मिळून होतो, हे मुलांनी वाटाण्यांच्या ढिगांनी शोधलं. चौथीतली पोरं पहिलीतल्यांना वाचून दाखवतात, तेव्हा दोन्हीकडची शांत असतात. वही विसरली तर कागद मिळतो, चौकशी होत नाही. वह्या भिजायच्या थांबल्या, असं म्हणणार नाही; कमी भिजतात.

स्वाध्यायात आम्ही दोघींनी पट्टीचंच प्रकरण लिहिलं, आपापल्या शब्दांत. मोठीला १०० पैकी ५८, धाकटीला ६१. शेरा होता, वैयक्तिक अनुभवावर जास्त भर, संदर्भ अपुरे. मोठी अजूनही धाकटीच्या तीन मार्कांबद्दल बोलते. आता शेवटचं सत्र चालू आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं. आजच्या कायद्यात ती मर्यादा चौदा आहे. मोबाइलच्या दुकानातला आमचा मुलगा बरोबर चौदाव्या वर्षी बाहेर पडला, कायद्याचा हिशेब पूर्ण करून. दहावीला बाहेरून बसता येतं, १७ नंबरचा फॉर्म भरून. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. ‘शिकवू आम्ही, फी नको,’ असं त्याला सांगितलं. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही. ‘‘गणित असतं का त्यात?’’ एवढंच विचारलं.

परवा आम्ही त्याच्या घरी जाऊन आलो. त्याच्या अम्मीनं चहा दिला. शाळा सोडल्याचा दाखला कपड्यांच्या पेटीतून काढून दाखवला, नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला. दुकान रात्री दहाला बंद होतं. साडेदहाला आमचं स्वयंपाकघर उघडंच असतं, असं तिला सांगून आलो. ती म्हणाली, ‘‘मी सांगते त्याला. पण टीचर, आधी तुम्ही बोला त्याच्याशी. त्या आठवड्याबद्दल.’’

रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी जाणार आहोत.